रूम आईच्या नावावर आहे

मरोळ, अंधेरी
१० नोव्हेंबर २०२४

आप्पा,

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. तुमच्या लेकाकडे, निलेशकडे, निरोप दिला तर तो अर्धा पोचवतो आणि अर्धा स्वतःच्या मनाचा घालतो. म्हणून कागदावर लिहितेय. फाडून टाकलंत तर टाका, मी दुसरं लिहीन.

आई माझ्याकडे आहे आणि बरी आहे. हे आधी सांगायला हवं, कारण तुम्ही विचारणार नाही.

त्या रविवारी बोरिवलीच्या घरी जे झालं, त्याबद्दल तुम्ही सगळ्या नात्यात सांगताय की कल्पिताने आईचे कान भरले. कणकवलीहून आत्याचा मला फोन आला, "बाय गो, ह्या वयात आईबापसाक वेगळा करतंस?" तर आप्पा, मी काही भरलं नाही. नानामामा गेले आणि जाताना त्यांनी घाटकोपरची, भटवाडीतली रूम आईच्या नावावर ठेवली, हे तुम्हाला माहीत होतं. ती विकायची आणि निलेशला मोठ्या फ्लॅटसाठी हातभार लावायचा, हे तुम्ही आणि निलेशने ठरवलंत. आईला कधी विचारलंत? एजंट सोफ्यावर येऊन बसल्यावर. विचारलंतही नाही, "मंजू, हयसर सही कर" एवढंच म्हणालात. तिने पोह्यांच्या डिशा टीपॉयवर ठेवल्या आणि म्हणाली, "मी सही करणार नाही. मी तिथे राहायला जाणारेय."

मीसुद्धा तुमच्याइतकीच दचकले. पण तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाहीत. माझ्याकडे बघून ओरडलात, "ह्या तुझा खूळ!" आई तिथे समोर उभी होती. तिच्या तोंडातून आलेलं वाक्य तिचंच असू शकतं, हे तुमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आणि मग तुमचं ते ठेवणीतलं. "लोकांच्या घरात पडदे लावत फिरतेस, आता आईच्या खोलीत लाव."

लावणार आहे, आप्पा. तेच कळवायला हे पत्र. नानामामांच्या रूमचं काम मी हातात घेतलंय.

पडद्यांविषयीही एकदा बोलून टाकते. मी मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा तुम्ही चार महिने माझ्याशी धड बोलला नव्हतात. तिथे आम्ही एका टॉवरमधल्या सगळ्या फ्लॅटना एकच टीव्ही युनिट, एकच फॉल्स सीलिंग लावायचो. फक्त सनमायकाचा रंग बदलायचा. माणसं आत राहायला यायच्या आधीच घर संपलेलं असायचं. आता मी एकटी काम करते आणि कामं कमी घेते. पण टेप काढायच्या आधी मी त्या घरात एक अख्खा दिवस नुसती बसते. कोण कुठे चहा पितं, कोण कुणाच्या वाटेत येतं, कुठली खुर्ची नुसती कपडे टाकायला आहे, ते बघते. मुलुंडला एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना डायनिंग टेबल हवं होतं, कारण सगळ्यांकडे असतं. दिवसभर बघितलं तर दोघंही ताट मांडीवर घेऊन पलंगावर, टीव्हीसमोर जेवतात, आणि मजेत जेवतात. मी त्यांना टेबल दिलंच नाही. दोन रुंद, हातवाल्या खुर्च्या दिल्या, ताट नीट राहील अशा. त्यांची मुलगी माझ्याशी भांडली, "जेवायच्या टेबलाशिवाय घर असतं का?" असतं. जाऊन बघा, दोघं काय थाटात जेवतात.

हाच उद्योग मी आता आपल्या घराविषयी करतेय, आणि मला जे दिसतंय ते तुम्हाला आवडणार नाही. बोरिवलीचा ओटा बिल्डरने दिला तसाच तुम्ही ठेवलात. आईची उंची तुम्हाला माहितीय? तो ओटा तिच्या छातीशी येतो. ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. भाकऱ्या, मासे, तुमच्या मित्रांची मटणं, सगळं पाटावरून. पाटाचे पाय झिजले तेव्हा तुम्ही दुसरा पाट आणून दिलात. त्याबद्दल ती तुमचं अजून कौतुक करते.

ओटा कमी करावा, हे मात्र कोणाला सुचलं नाही.

कल्पिता


मरोळ
२२ डिसेंबर २०२४

आप्पा,

पहिलं पत्र तुम्ही वाचलंत, हे निलेशच्या बोलण्यावरून कळलं. तो परवा येऊन गेला. तुमचा प्रश्न घेऊन आला होता, "तिथे एकटी करणार काय ती? मसाले विकणार? शिवणक्लास काढणार?"

काही नाही करणार, आप्पा. बसणार आहे. कंटाळा आला की उठेल, भूक लागली की खाईल. तुम्ही रिटायर झालात तेव्हा आता काय करणार म्हणून तुम्हाला आईने विचारलं होतं का?

काम चालू झालंय. जुनी फरशी काढली, वायरिंग नवं केलं. आता एक गोष्ट सांगते, पण ती वाचून खूश होऊ नका. आईचं आणि माझं कडकडून भांडण झालं.

मी तिच्यासाठी फार सुंदर ड्रॉइंग केलं होतं. रूमला मागच्या बाजूला एक खिडकी आहे, तिथून बदामाचं झाड दिसतं. त्या खिडकीत मी तिला बसायला कट्टा काढला होता. गादी, लोड, वर छोटा दिवा. भिंती फिकट पांढऱ्या. मी ते आईपुढे पसरलं.

ती म्हणाली, "मागे कशाला?"

"अगं, शांत आहे तिथे. कोणी त्रास देणार नाही."

"मला मागे नको. तिकडे बोरिवलीला आयुष्यभर मागेच होते. हॉलमध्ये कोण आलं, कोण गेलं, मला आवाजावरून कळायचं. मला दारात बसायचंय."

"दारात? आई, भटवाडीची चाळ आहे ती. सगळी गल्ली दारावरून जाते."

"जाऊ दे ना. मला बघायचीय. आणि तिलापण मी दिसले पाहिजे."

मी तिला प्रायव्हसी वगैरे सांगायला लागले. तिने मला थांबवलं. "कल्पू, तू लोकांच्या घरात दिवसभर बसून बघतेस ना? मग माझ्या वेळी तुला घाई का झाली?"

मी ड्रॉइंग गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिकाम्या रूमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. शेजारच्या चंपाबेनने ओळखपाळख नसताना चहा आणला. संध्याकाळपर्यंत आईला गल्लीतली निम्मी नावं पाठ झाली होती. बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं काढून तिला आपल्या मजल्यावरच्या दोनच बायका नावाने माहीत आहेत. मी विचारलं तेव्हा तिने त्या दोन बोटांवर मोजून दाखवल्या.

तर कट्टा आता दाराला लागून आहे. आत-बाहेर दोन्हीकडे तोंड करून बसता येईल असा.

रंगावरूनही झालं. माझा पांढरा तिला दवाखान्यासारखा वाटला. तिने शेड कार्डवर बोट ठेवलं ते थेट पोपटीवर. तोही ऑइल पेंट, चकचकीत. मी म्हटलं, "आई, डोळ्यात जाईल गं." तर म्हणते, "जाऊ दे. डोळे माझे आहेत." माझ्या धंद्यातल्या मैत्रिणींनी ती भिंत बघितली तर त्या मला तोंड दाखवू देणार नाहीत. मी ती भिंत केली, आप्पा. रंगाचे दोन हात दिले. बघून घ्या एकदा, झकास दिसतेय असं मी अजूनही म्हणणार नाही, पण रूममध्ये शिरलं की कळतं, इथे कोणीतरी राहायचं ठरवलंय.

चंदू सुताराने मात्र वात आणला. ओटा आईच्या मापाने करायला सांगितला होता, त्याने स्टँडर्ड उंचीची फ्रेम ठोकून ठेवली. तोडायला लावली तर कुरकुरायला लागला, "मॅडम, उद्या रूम विकायला काढली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मी म्हटलं, "विकायची नाहीये."

आई मागून म्हणाली, "परत सांग त्याला, मोठ्याने."

कल्पिता


मरोळ
१९ जानेवारी २०२५

आप्पा,

हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. राग, अबोला, नात्यात बदनामी, सगळं चालतं. पण तुम्ही चाळ कमिटीकडे तक्रार केलीत. "सदर खोलीबाबत कौटुंबिक वाद असून दुरुस्तीचे काम त्वरित थांबवावे." खाली तुमची ती लफ्फेदार सही.

काम थांबलं. सेक्रेटरी विकी मला म्हणाला, "ताई, माझा नाइलाज आहे, मीटिंग घ्यावी लागेल." मी वकिलाला फोन लावत होते. आई म्हणाली, "ठेव तो फोन. मी बोलते."

ती कधी कुठे बोललीय, आप्पा? निलेशच्या लग्नात तिला माईक दिला तर तिने तो तुमच्या हातात दिला होता.

निलेश त्या मीटिंगला होता, त्याने तुम्हाला काहीतरी सांगितलं असेलच. आता माझ्याकडून ऐका. चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. पंधरा-वीस माणसं असतील, बहुतेक पुरुष. विकीने तुमचा अर्ज वाचून दाखवला. मग तिथले एक म्हातारे गृहस्थ, नानामामांबरोबर कॅरम खेळायचे ते, समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, मालक नको म्हणतायत तर कशाला? या वयात नवऱ्याला सोडून राहणं बरं दिसतं का?"

आई उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला.

"सोडलं कुठे, भाऊ? त्यांचा पत्ता मला पाठ आहे. माझा पत्ता आता त्यांनी पाठ करायचाय, एवढंच."

कोणीतरी हसलं. आई हसली नाही. "अर्जावरची सही माझ्या मिस्टरांचीच आहे, मी ओळखते. ते रागावलेत. तर राग त्यांचा आहे आणि रूम माझी आहे. कमिटीला रूमचे कागद बघायचे तर बघा. रागाचं मी बघून घेईन."

निलेश उठून तिच्या दंडाला धरायला गेला, "आई, चल घरी, तमाशा नको." तिने त्याचा हात बाजूला केला. झटकला नाही, नुसता बाजूला केला, आणि म्हणाली, "घरीच आहे मी. तू आलायस पाहुणा. बस, चहा घेऊन जा."

तेवढ्यात मागून चंपाबेन ओरडल्या, "अरे विकी, काम चालू करा ने! मला पण ती रूम पूरी झालेली बघायची हाय!" मग सगळेच बोलायला लागले. विकीने कागद बघितले, तुमच्या अर्जावर 'निकाली' असा शेरा मारला आणि मीटिंग संपली. काम सोमवारपासून पुन्हा चालू झालंय.

एक गोष्ट निलेशने बघितली नाही. मीटिंगनंतर आम्ही रूमचं कुलूप उघडायला गेलो तेव्हा आईला किल्ली लावता येईना. मी किल्ली मागितली तर दिली नाही. "थांब, जमतंय मला." खूप वेळ लागला. मी नुसती उभी राहिले.

हे तुम्हाला यासाठी लिहिलं, की तुम्ही तिला घाबरवलंत. तुम्हाला जमलं. तरी ती बोलली. आणखी अर्ज करायचे तर करा. ती पुन्हा बोलेल, आणि दर वेळी तुम्हीच तिला थोडी जास्त तयार कराल.

कल्पिता


मरोळ
१३ एप्रिल २०२५

आप्पा,

काल तुम्ही भटवाडीला आलात, आई तिथे राहायला गेल्यापासून पहिल्यांदा. न सांगता. मी तिथे असेन हे तुम्हाला माहीत नव्हतं, नाहीतर आला नसतात. इस्त्रीचा शर्ट, हातात देवगडच्या आंब्यांची पेटी. ती घेऊन बोरिवलीहून इतक्या गर्दीतून कसे आलात कोण जाणे. तुम्ही वाळलात. उजव्या हाताच्या बोटांवर चटक्याचा डाग होता. मी बघितला, आईने माझ्याआधी बघितला.

आई दारातल्या कट्ट्यावर बसली होती. तुम्हाला गल्लीच्या तोंडाशीच बघितलं होतं तिने. उठली नाही. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तेव्हा म्हणाली, "येवा. चपला थयसर काढा."

तुम्ही आत येऊन चौफेर बघितलंत. पलंग, कपाट, ओटा. मी वाट बघत होते तुम्ही काय काढता त्याची. तुम्ही म्हणालात, "रंग भडक आसा."

"होय," आई म्हणाली.

बस. पुढे काही नाही. तिने कारण दिलं नाही, माझ्याकडे बोट दाखवलं नाही, दुसरा लावूया म्हणाली नाही. तुम्ही तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलात, आणि ते आलंच नाही. आप्पा, मी कितीतरी घरं केली, पण भिंतीची बाजू घेऊन इतकं कमी बोललेली बाई मी बघितली नव्हती.

मग तुम्ही पेटी खाली ठेवलीत. "बस झाला आता मंजू. चल घराक."

"आधी च्या घेवा."

"लोक इचारतत, बायको खय गेली म्हणान. काय सांगू मी?"

"सांगा, घाटकोपराक आसा म्हणान. खोटा कित्याक सांगतास?"

तुम्ही चहा घेतलात. तिने तुमच्या बोटांवर खोबरेल लावलं. कढई कुठल्या बाजूने धरायची तेही सांगितलं. तुम्ही ऐकत होतात. मला तुमच्यासाठी वाईट वाटलं आणि मी ते वाटू दिलं, पण त्याचा अर्थ तुम्ही बरोबर होतात असा होत नाही. जाताना तुम्ही कट्ट्याशी थांबलात, तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात गल्लीतली कोणी बाई आईला हाक मारून गेली, "मंजुळाताई, उद्या येताय ना?" आई म्हणाली, "येते गं." तुम्ही त्या बाईकडे बघत राहिलात आणि मग गेलात.

तुम्ही गेल्यावर आई रडली. हे मी लिहिणार नव्हते. तुम्ही त्याचा तुम्हाला हवा तसा हिशोब लावाल म्हणून. पण लिहिते. पेटी उघडून आंबे एकेक करून गवतातून काढत रडली. मी विचारलं, "जायचंय का तुला परत?" म्हणाली, "नाही गं. माणूस आठवतो, ओटा आठवत नाही."

तेव्हा तिच्या रडण्यावर भरवसा ठेवून पुन्हा न्यायला येऊ नका. भेटायला या. ती दुसरी गोष्ट आहे, आणि त्यासाठी दार उघडं आहे.

आंबे गोड होते. गल्लीत वाटले.

कल्पिता


मरोळ
१ जून २०२५

आप्पा,

काल तुमचा फोन आला. स्क्रीनवर नाव बघून मी घाबरले, वाटलं काही झालं. तुम्ही "हॅलो"सुद्धा म्हटलं नाहीत. एकदम, "ह्या सयपाकघरात माका कायव गावत नाय. तू येवन बघ. काय ता बदलून टाक." मग, "आईक घेवन ये. तिका म्हायत आसा सगळा."

फोनवर मी फक्त "बरं" म्हटलं. उत्तर लिहूनच देते, म्हणजे निलेशला मध्ये घालायची वेळ येणार नाही.

येते. शनिवारी सकाळी येते. पण मुलगी म्हणून नव्हे, कामाला येतेय, आणि माझी पद्धत तुम्हाला सोसावी लागेल. तुम्ही चहा करायचा, आमटी करायची, भात लावायचा. मी एका बाजूला उभी राहून बघणार. हात लावणार नाही, डबा शोधून देणार नाही. तुम्ही चिडाल. चिडा. मी विचारीन त्याची उत्तरं तुम्ही द्यायची, निलेशला फोन करून नाही. "सगळ्यांकडे असतं तसं कर" म्हणालात तर मी पर्स उचलून निघून येईन. आणि कामाला पडदे लावणं म्हणायचं नाही, पडदे लावायचे असले तरी.

एक कबूल करते, तुम्ही बोलावलंत याचा मला आनंद झाला. पण म्हणून काही सूट नाही.

तुमचा निरोप आईला दिला. ती दारात चंपाबेनबरोबर शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, आप्पांनी तुलाही बोलावलंय, कुठे काय ठेवायचं ते तुला माहितीय म्हणतात.

तिने सोललेले दाणे फुंकून ताटलीत टाकले.

"मी कशाला? माझं घर कसं हवं ते मी सांगितलं. त्यांचं त्यांना सांगू दे की."

मी निघाले तर मागून हाक मारली. "कल्पू, सगळं झालं की कळवायला सांग त्यांना. बघायला येईन."

कल्पिता